डिचोलीचे वायरमन: आधी मीटर, मग पाना

गाडीच्या इलेक्ट्रिकल कामासाठी डिचोलीत एक मेस्त्री आहेत. बॅटरी आणि चार्जिंगचं दुखणं इतक्या नीटपणे, पायरी-पायरीनं शोधणारा माणूस मला पणजी-म्हापशात कुठे भेटला नव्हता, म्हणून त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते आहे. नाव आणि फोन नंबर मात्र देत नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. हाताखाली एकच मुलगा आहे, आहे ते काम वेळेवर होत नाही, आणखी गर्दी नको म्हणतात. डिचोली बाजारात एखाद्या टेम्पोवाल्याला विचारलंत तर तो दुकान दाखवील.

माझं घर चोडणला, नोकरी पणजीत, हिशेब विभागात. रोज सकाळी फेरीनं मांडवी ओलांडायची, रायबंदरला उतरायचं आणि पुढे पणजी. गाडी चालते थोडी, रांगेत उभी राहते जास्त. छोटी पेट्रोल गाडी आहे, बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण एक अँपिअर करंट ३५ तास पुरवील एवढी. दुखणं असं होतं की आठवडाभर गाडी कुरकुरत का होईना चालू व्हायची, आणि सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे आणि विझायचे. शेजारचे दादा त्यांची जीप आणायचे, जंपर केबल लावायचे, की गाडी चालू. एकदा तर फेरी धक्क्याला लागल्यावर गाडी चालू होईना, मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि फेरीवरच्या माणसांनी ढकलून ती वर काढून दिली.

मेस्त्रींकडे जाण्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली. काही महिन्यांतच नव्या बॅटरीनं तेच सुरू केलं. दुसऱ्या ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून पाहिली, इंजिनचा आवाज जरा बदलला, आणि तेवढ्यावर ‘डायनामो गेलाय, नऊ हजार होतील’ असा निकाल लागला.

हे मी मेस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, “ताई, ही परीक्षा पुन्हा कुणाला करू देऊ नका.” चालू इंजिनवर बॅटरी एकदम काढली की अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, ज्याला दुकानात डायनामो म्हणतात) व्होल्टेज त्या क्षणी कित्येक पटींनी उसळतं. गाडीतला कॉम्प्युटर, म्युझिक सिस्टीम, खुद्द अल्टरनेटरमधले डायोड, काहीही त्यात जळू शकतं. जुन्या काळच्या गाड्यांत जळण्यासारखं फारसं काही नसायचं, म्हणून ही रीत चालून गेली आणि हाताला बसली. आजच्या गाडीत ती तपासणी राहत नाही, नवं नुकसान होतं. गोव्यात ही रीत अजून सर्रास दिसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

त्यानंतर बराच वेळ त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, नुसतं विचारत राहिले. गाडी कोणत्या दिवशी बंद पडते? आदल्या दिवशी किती चालली होती? चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा पेटतो ना, आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो ना? कंपनीनं दिलेल्याशिवाय वरून काय काय बसवून घेतलंय? सोमवारचं ऐकल्यावर ते थांबले. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत ती हलते का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, तशी त्यांनी ते एका कागदावर लिहून ठेवलं.

लाल दिव्याबद्दल त्यांनी सांगितलेलं उपयोगाचं आहे. चावी दिल्यावर तो पेटलाच नाही तर बल्ब किंवा वायर गेलेली असू शकते, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. म्हणजे दिवा गेला तर चार्जिंगही अडकू शकतं. उलट दिवा विझला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. अल्टरनेटर काहीतरी देतो आहे एवढंच त्यातून कळतं. तो जे देतो ते बॅटरीपर्यंत पोचतं की नाही, हे दिवा सांगत नाही.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. कारण सोपं आहे, पण आधीच्या दोघांनी ते लक्षात घेतलं नव्हतं. उतरलेल्या बॅटरीची परीक्षा घेता येत नाही. आधी ती पूर्ण भरायची, तीसुद्धा सावकाश, साडेतीन-चार अँपिअरवर, मग काही तास तशीच ठेवायची आणि नंतर मोजायची. चार्जरवरून किंवा प्रवासातून ताजी आलेली बॅटरी मीटरवर खोटी तब्येत दाखवते. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून तो वरवरचा चार्ज उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी मुद्दाम लवकर गेले. कसं शोधतात ते मला पाहायचं होतं, आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही. उलट चावी फिरवायला मलाच बसवलं.

पहिलं मोजमाप, शांत बॅटरी: १२.६ व्होल्ट. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२.४ असती तर पाऊण, १२.२ असती तर अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. दोन दशांश व्होल्टलाही इतकं महत्त्व असतं हे मला माहीत नव्हतं. ‘बारा व्होल्ट आले, म्हणजे बॅटरी चांगली’ असं सांगणाऱ्याकडे मी आता गाडी देणार नाही.

मग झाकणं काढून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी. सहाही सेलमधलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून आकडा वाचला, परत सोडलं, पुढचा सेल. १.२५५, १.२६०, १.२६०, १.२५५, १.२६०, १.२५५. एखाद्या सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ५० अंशांनी खाली असता, म्हणजे १.२१० वगैरे, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली. इथे सगळे जुळत होते. त्यावर लोड टेस्टर लावला, पंधरा सेकंदांच्या भाराखाली बॅटरी दहा व्होल्टच्या वर राहिली. ९.६ च्या खाली घसरली असती तर काळजी. बॅटरी निर्दोष. दुकानात नव्या बॅटऱ्यांचा ढीग होता, विकायची असती तर त्या क्षणी सहज विकता आली असती. त्यांनी कागदावर ‘बॅटरी ओके’ लिहिलं आणि पुढे गेले.

मग अल्टरनेटर. इंजिन चालू, हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावून. मीटरच्या काड्या थेट अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर टेकवल्या: १४.२ व्होल्ट. उत्तम. १३.८ ते १४.५ मध्ये असावं, १५ च्या आसपास गेलं तर रेग्युलेटर बिघडून तो बॅटरी उकळवतोय समजायचं. मीटर एसी व्होल्टवर (हा एसी म्हणजे दिशा बदलणारी वीज, ती सरळ करायचं काम डायोडचं) फिरवून पुन्हा पाहिलं. डायोड गेला असता तर तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर लहरी दिसल्या असत्या, इथे जवळजवळ शून्य. पट्टा दाबून पाहिला, ताण बरोबर. म्हणजे ज्याला नऊ हजारांना काढायचा होता तो अल्टरनेटर धडधाकट होता.

आणि मग त्याच काड्या त्यांनी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवल्या. १३.६.

हा क्षण मला फार आवडला. एक यंत्र १४.२ देतंय आणि हातभर अंतरावर १३.६ पोचतंय. मधले ०.६ गेले कुठे? हिशेब विभागात असा फरक दिसला की आम्ही तो सापडेपर्यंत उठत नाही. मेस्त्रीही उठले नाहीत.

शोधायची पद्धत बघा, ही कुणालाही दोन-चारशे रुपयांच्या मल्टीमीटरनं जमेल. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशावर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारायचा. केबल आणि जोड चांगले असतील तर मीटरवर ०.२ च्या आत आकडा यायला हवा. मी चावी फिरवली आणि मीटरनं १.६ दाखवलं. मग दुसरी काडी बॉडीच्या पत्र्यावर ठेवून पुन्हा सेल्फ: ०.१. म्हणजे बॅटरी ते बॉडी रस्ता साफ, बॉडी ते इंजिन रस्ता बंद. पॉझिटिव्ह बाजूही तशीच पाहिली, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, माझ्याकडे त्याहून बरंच कमी होतं. कुठेही वायर न उघडता दोष बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या एका पट्टीपर्यंत आला.

गाडी खड्ड्यावर नेऊन खालून त्यांनी ती अर्थिंगची पट्टी काढली. तांब्याच्या तारांची विणलेली, बोटाएवढी रुंद. वरून मळकी पण धड दिसत होती. बोल्ट सुटला तेव्हा लगच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवी पूड साचलेली, आणि पट्टी जराशी वाकवली तर अर्ध्याअधिक तारा बोटांत तुटून आल्या. चोडणला चारी बाजूंनी खारं पाणी, पावसाळ्यात चार महिने दमट हवा, फेरीच्या धक्क्यावर चिखल आणि शिंतोडे. पट्टी आतून खाल्ली जाते आणि बाहेरून कळत नाही. त्यांनी बॉडी आणि इंजिन दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, जाड केबलला लग दाबून नवी पट्टी केली, बोल्ट घट्ट केला आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. हा क्रम त्यांनी दोनदा सांगितला. आधी धातूला धातू घट्ट, मग जेली. पुन्हा सेल्फ: ०.१. बॅटरीवर चार्जिंग: १४.१. सेल्फचा आवाजच बदलला होता, गाडी नवी असताना यायचा तसा.

कुणीही इथे थांबला असता. ते थांबले नाहीत, कारण कागदावर ‘सोमवार’ लिहिलेलं होतं. अर्थिंग खराब असली तर गाडी रोज त्रास देईल, सोमवारीच का?

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खोबणीत. दाराचं आणि बॉनेटचं लॅच स्क्रू ड्रायव्हरनं बंद करून ठेवलं, म्हणजे गाडीला वाटावं सगळं लावलेलं आहे. चावी बाजूला. आणि मग चहा. हो, हा चहा तपासणीचाच भाग आहे, कारण गाडी लॉक केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, अर्धा तास, कधी त्याहून जास्त घेतात. लगेच मोजलं तर आकडा भलताच मोठा येतो आणि नसलेला दोष सापडतो. एक ताकीद त्यांनी दिली: मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जळतो.

परत आलो तेव्हा आकडा ०.३१ अँपिअरवर स्थिर होता. असायला हवा ०.०२ ते ०.०५. दिसायला किरकोळ, पण गुणाकार करा. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सोमवारी सकाळी सात, म्हणजे ६२ तास. ६२ गुणिले ०.३१, जवळजवळ १९ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची. अर्ध्याहून जास्त बॅटरी गाडी उभी असताना संपत होती, आणि आठवड्यात ती भरून निघत नव्हती कारण चार्जिंग पट्टीत अडत होतं. दोन्ही दोष एकमेकांना झाकत होते. एकच सापडला असता तर पुन्हा काही महिन्यांनी मी कुठल्या तरी दुकानाच्या दारात उभी असते.

चोर कुठला हे शोधायला त्यांनी फ्यूज काढले नाहीत. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं एखादं युनिट जागं होतं आणि आकडे बिघडतात. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या काड्या ठेवून मिलिव्होल्ट पाहिले. ज्या फ्यूजमधून करंट जात नाही तिथे शून्य. म्युझिक सिस्टीमच्या फ्यूजवर आकडा आला. सिस्टीम बाहेर काढली, तर बसवणाऱ्यानं लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून टेप गुंडाळलेली. पिवळी कायमच्या सप्लायची, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरती. लाल चावीनं चालू-बंद होणारी. दोन्ही एकत्र म्हणजे सिस्टीमचा अँप्लिफायर रात्रंदिवस जागा. लाल वायर चावीच्या लाइनला जोडली, सोल्डर मारलं, स्लीव्ह चढवली. मीटर: ०.०३.

फेरीचा विषयही निघाला. धक्क्यावर सगळे सांगतात की रांगेत सारखं बंद-चालू केल्यानं बॅटरी मरते. मेस्त्रींनी हिशेब मांडला. सेल्फ दीडशे अँपिअर खातो खरा, पण दोन सेकंद. म्हणजे ०.०८ अँपिअर-तास, काहीच नाही. बॅटरी खातात ते हेडलाइट. दोन बल्ब मिळून नऊ अँपिअर, अर्धा तास रांगेत इंजिन बंद ठेवून ते चालू राहिले की साडेचार अँपिअर-तास गेले, वर पंखा आणि गाणी. रायबंदरला संध्याकाळच्या रांगेत उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं. इंजिन बंद केलंत तर हेडलाइटही बंद करा, पार्किंग लाइट पुरे.

पैसे. तपासणीचे ६०० रुपये, पट्टी, वायरिंग आणि मजुरीचे मिळून ४५०. तपासणीचे वेगळे पैसे घेतात यावरून काही लोक नाराज असतात, दुकानातच एक गृहस्थ हुज्जत घालत होते. माझं मत अगदी उलट आहे. जो तपासणी फुकट करतो त्याला काहीतरी विकावंच लागतं. मेस्त्रींना माझ्या गाडीत दोष सापडला नसता तरी त्यांची मेहनत वसूल होती, म्हणून बॅटरी ओके म्हणणं त्यांना परवडलं. हे ६०० मी आनंदानं दिले आणि पुन्हा देईन.

उणं काय ते सांगते. वेळ लागतो, गाडी रात्रभर सोडावी लागते आणि चोडणला मयेमार्गे परत जायची सोय तुमची तुम्ही करायची. बसायला एक बाकडं आहे, तेही पावसात भिजतं. छापील बिल नाही, आकडे लिहिलेला तोच कागद हातात देतात. कंपनीच्या वॉरंटीत गाडी असेल तर तिथे हा कागद चालणार नाही, तेव्हा आधी विचार करा. ज्या नव्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं किंवा अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो, त्या ते स्वतःहून घेत नाहीत. अशा गाडीत चार्जिंग कधी साडेबारा दाखवतं, कधी पंधराच्या जवळ जातं, आणि दोन्ही बरोबर असू शकतं. त्याला स्कॅनर लागतो, तो माझ्याकडे नाही, असं सरळ सांगून दुसरीकडे पाठवतात. मला हेही त्यांच्या बाजूनंच मोजावंसं वाटतं.

दुपारी एक ते चार दुकान बंद. फोन सकाळी नऊच्या आत उचलतात, नंतर हात कामात असतात. जाताना गाडी कधी, कुठे, किती वेळ उभी राहिल्यावर बंद पडते ते लिहून न्या. बाहेरून बसवलेली प्रत्येक वस्तू, कॅमेरा, ट्रॅकर, मोबाइलचा चार्जर, सगळं सांगा. आणि शक्यतो जंप स्टार्ट करून थेट त्यांच्या दारात नेऊ नका, आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा. नाहीतर ते चार्जर लावतील आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशीच यायला सांगतील.